अनाथोथचे शेत

शास्त्रवाचन : यिर्मया ३२:६–१५, ३२:४२–४४
मननासाठी : यिर्मया २२:१३; एज्रा २:२३



यिर्मयाच्या पुस्तकातील बत्तिसाव्या अध्यायात एका खरेदीखताची हकीकत आहे. ती इतकी बारकाईने लिहिली आहे की तलाठ्याच्या दफ्तरातही शोभावी. शेत कोठले, विकणारा कोण, त्याचे नाते काय, किंमत किती, चांदी कोणी तोलली, साक्षीदारांसमोर सही कशी झाली, कागदाच्या प्रती किती आणि त्या कोठे ठेवल्या, हे सारे तेथे नोंदले आहे. शेत अनाथोथ गावचे. विकणारा यिर्मयाचा चुलतभाऊ हानामेल. किंमत सतरा शेकेल चांदी.

आता वेळ पाहा. सिदकीया राजाचे दहावे वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. शहरात भाकर मिळेनाशी होत चालली आहे. खुद्द यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार असे त्याने राजाला तोंडावर सांगितले. अनाथोथ हे गाव यरुशलेमेपासून तीनच मैलांवर, तटाच्या बाहेर. म्हणजे त्या जमिनीवर त्या दिवशी शत्रूचे तंबू असण्याचाच संभव अधिक. अशी जमीन कोणी फुकट तरी घेईल काय? यिर्मयाने ती पूर्ण दाम मोजून घेतली.

हा उतारा ह्या महिन्यात आपल्यापुढे ठेवण्याचे कारण आहे. उपासना संपली की चर्चच्या आवारात चहाचा पेला हातात घेऊन आपण उभे राहतो. तेव्हा पीकपाण्याची व मुलांच्या परीक्षांची चौकशी होते, आणि लागलीच बोलणे अमेरिकेवर जाते. कोणाचा मुलगा तेथे नोकरीला आहे, कोणाची भाची तेथे हप्त्यावर घर घेऊन राहिली आहे. ‘घरांचा बाजार कोसळणार’, ‘कर्जाचा डोंगर फुटणार’, ‘अमेरिका बुडणार’ अशी भाकिते रोज ऐकू येतात. ऐकणारा घरी जातो तो मनात धास्ती घेऊनच. वाईट बातमीचे ख्रिस्ती माणसाने काय करावे, हा आजचा प्रश्न आहे. यिर्मयाकडून आपण तीन गोष्टी शिकू.

१. बातमी खरी असेल तर तिच्याकडे पाठ फिरवू नये

अमेरिकेत घर महाग झाले तर आम्हांस त्याचे काय, असे सुरतेच्या माणसाला म्हणता येत नाही. जगात पैलू पाडले जाणारे दहातले सुमारे नऊ हिरे आपल्या शहरातील घंट्यांवरून जातात. त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. वराछा-कतारगामच्या कारखान्यात बसलेला रत्नकलाकार जो खडा घासतो, तो बहुधा एखाद्या अमेरिकन मुलीच्या साखरपुड्याच्या अंगठीत बसायचा असतो. तिच्या घराचा हप्ता वाढला की अंगठी लहान होते, किंवा पुढल्या वर्षावर जाते. ओलपाडच्या तळ्यांतली कोळंबीसुद्धा तिकडच्या ताटावर अवलंबून आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली येथे राहणारी आपली खानदेशी माणसे बहुतेक कापडाच्या धंद्यात आहेत. पण शहरातला पैसा आटला की माग आणि मीलही त्यातून सुटत नाहीत. हिरे घासणारा साडी घेईनासा होतो, भाजीवाली रडते, रिक्षावाला थांब्यावर बसून राहतो.

२००८ साली हे आपण पाहिले. त्याच्या आधी कित्येक वर्षे अमेरिकेत उत्पन्नाचा दाखला धड न पाहता घरांसाठी कर्जे वाटली गेली. पहिली काही वर्षे हप्ता कमी, पुढे तो चढत जाणारा. किमती वाढतच राहणार हा सर्वांचा समज. बँकांनी अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे केले आणि जगभर विकले. त्यामुळे कर्ज देणाऱ्याला ते फिटेल की नाही याची काळजीच उरली नाही. २००६ नंतर किमती उतरू लागल्या, आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही प्रचंड पेढी दिवाळखोरीत गेली. लाखो कुटुंबांची घरे गेली. त्या वर्षी सुरतेत दिवाळीच्या सुट्टीवर गेलेल्या कितीतरी कारागिरांना परत बोलावणे आलेच नाही. नोव्हेंबरात हिरे-जवाहीर निर्यातदारांच्या परिषदेने महिनाभर कच्चा हिरा आयात करू नका, असे व्यापाऱ्यांना सांगितले. मुलांना शाळेतून काढून कुटुंबेच्या कुटुंबे गावी परतली.

अलीकडची स्थिती वेगळी आहे, पण सोपी नाही. २०२१ च्या आरंभी अमेरिकेत तीस वर्षांच्या घरकर्जाचा व्याजदर तीन टक्क्यांच्याही खाली होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आठ टक्क्यांच्या जवळ गेला. ज्याचे जुने स्वस्त कर्ज आहे तो घर विकेना, आणि नव्याला घेणे परवडेना. २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी तेथे जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरची सर्वांत कमी झाली. सरकारचे कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटी डॉलरांच्या वर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मूडीज ह्या संस्थेने अमेरिकेची पत एक पायरी खाली आणली. तशा तीन मोठ्या संस्थांपैकी दोघींनी हे आधीच केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली. त्याच्या आधीपासूनच हिऱ्याचा धंदा मंदावला होता. चीनची मागणी घटली, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले, रशियाच्या खड्यांवर बंधने आली. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातील एका मोठ्या कंपनीने आपल्या सुमारे पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली, ती काही सणाची नव्हती.

हे सारे खरे आहे, आणि खरे ते बोलावे. यिर्मयाच्या काळी हनन्या नावाचा संदेष्टा होता (अध्याय २८). दोन वर्षांत सर्व ठीक होईल, असे तो मंदिरात उभा राहून सांगे, आणि लोकांना तो फार आवडे. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली व तो कोणालाच आवडला नाही. जखम वरवर बरी करून ‘शांती आहे’ म्हणणाऱ्यांना त्याने खोटे ठरविले (६:१४). ज्याची नोकरी गेली आहे त्याच्या पाठीवर थाप मारून ‘विश्वास ठेव, सर्व ठीक होईल’ एवढेच म्हणून आपण निघून जातो, तेव्हा आपणही हनन्याचेच काम करतो.

परंतु दुसऱ्या बाजूलाही एक खोटा संदेष्टा उभा असतो. जो दर वर्षी प्रलयाची तारीख सांगतो, आणि ती टळली की पुढली देतो, तोच हा. काही जण बँकांच्या बातम्या घेऊन प्रकटीकरणाचे पुस्तक उघडतात आणि कोणता शिक्का आज फुटला ते सांगू लागतात. बंधूंनो, संदेष्ट्याची परीक्षा अनुवाद १८:२२ मध्ये दिली आहे. जे बोलला ते घडले नाही, तर त्याला भिण्याचे कारण नाही. २००८ ची कर्जे आणि आजची कर्जे सारखी नाहीत. आज तेथे कर्ज देताना उत्पन्न अधिक कसोशीने तपासतात, आणि बहुतेकांचा व्याजदर ठरलेला असतो. म्हणून घरे महाग राहतील, पडतील की तशीच रेंगाळतील, ह्यावर जाणत्या माणसांतही एकमत नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगणे हेही असत्यच होय.

२. घर कोणाच्या घामावर उभे आहे, हे विचारावे

बाजार पडणार की चढणार, हा प्रश्न यिर्मयाला राजवाड्यासमोर सुचला नाही. यहोयाकीम राजाने प्रशस्त दालने बांधली, खिडक्या काढल्या, गंधसरूची तक्तपोशी केली, वर तांबडा रंग दिला. संदेष्ट्याने एकच विचारले: ज्यांनी हे बांधले त्यांची मजुरी दिलीस काय? (२२:१३–१४). देवाच्या दरबारात घराचे मूल्यमापन त्या एका रकान्यावरून होते.

अमेरिकेतील घडामोडींनी आपल्या भागात जमिनीचा बाजार फुगणे व फुटणे हे काही नवे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या खानदेश-गुजरातेच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओसंडू लागला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या भावाला जाऊन पोहोचला. त्या बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद, सुरतेच्या घराण्यातला माणूस. १८६५ च्या एप्रिलात जनरल ली शरण आला, युद्ध संपले, कापूस उतरला, आणि जुलैत सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता तो ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली. पुढे ती बँकही बुडाली. कारकून, विधवा, पेन्शनर अशा ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती, त्यांचे काय झाले असेल ते आपण जाणू शकतो. प्रेमचंदांनी मागे दोन लाख रुपये मुंबई विद्यापीठाला दिले होते. त्यातून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव असलेला राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो. जमवलेले गेले आणि दिलेले राहिले. लूक १२ मधील श्रीमंताच्या दाखल्याला याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही. त्याने कोठारे मोडून मोठी बांधण्याचे ठरविले, आणि त्याच रात्री हिशेब मागितला गेला.

सुरतेतही १७ डिसेंबर २०२३ रोजी डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. ६७ लाख चौरस फुटांची इमारत, साडेचार हजारांच्या आसपास कार्यालये. उद्घाटनानंतर पुष्कळ काळ त्यांतली बहुतेक कुलूपबंदच राहिली. बांधणाऱ्यांना हसण्यासाठी हे मी लिहीत नाही. उद्योगी माणसांनी उमेदीने बांधलेली ती वास्तू आहे, आणि ती भरावी अशीच आपली प्रार्थना असावी. पण सिमेंट कितीही ओतले तरी उद्याचा दिवस आपल्या मुठीत येत नाही, एवढे तिच्या समोरून जाताना ध्यानात घ्यावे.

मग राजाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या शहरातील इमारती नंदुरबार, दाहोद, झाबुआ इकडून आलेले आदिवासी बंधू बांधतात. इमारत उभी राहीपर्यंत ते तिच्याच सावलीत पालाखाली राहतात. आपल्या घराचे काम निघाले तेव्हा गवंड्याचा, विटा वाहणाऱ्या बाईचा शेवटचा हप्ता आपण वेळेवर दिला काय? मंदीचे निमित्त सांगून कामवालीचा पगार आपण कापला काय? अडल्या भावाला पैसे देताना व्याज लावले काय? (निर्गम २२:२५). अमेरिकेच्या बँकांचा न्याय करण्यापूर्वी ही वही उघडावी.

३. वेढ्याच्या दिवसांत शेत घ्यावे

आता पुन्हा पहारेकऱ्यांच्या चौकात जाऊ. देवाने यिर्मयाला शेत घ्यावयास सांगितले, कारण ह्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे त्याला दाखवावयाचे होते. शहर पडणार असे सांगणारा माणूस तोच, आणि त्याच शहराबाहेर जमीन घेणाराही तोच. निराशावादी असता तर त्याने चांदी अंगरख्यात शिवली असती. हनन्यासारखा असता तर वेढा उठणार म्हणाला असता. ह्या दोन्ही वाटा सोडून, घडणार ते डोळ्यांआड न करता, त्याने देवाच्या शब्दावर पैसे मोजले.

येथे तीन बारकावे आहेत. पहिला, हा सौदा नफ्यासाठी नव्हता. हानामेल अडचणीत होता. आप्ताची जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून ती सोडविणे हे जवळच्या नातलगाचे कर्तव्य होते (लेवीय २५:२५). यिर्मयाने त्या शेतातले दाणे कधी खाल्ले नाहीत. लोकांनी त्याला पुढे मिसरात नेले. दुसरा, त्याने व्यवहार उघड आणि चोख केला. चांदी तोलली, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी ठेवली, आणि बारूखाकडून दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवविल्या, कारण पुष्कळ दिवस टिकावयाच्या होत्या. विश्वास म्हणजे बेहिशेबीपणा नव्हे. तिसरा, सही झाल्यावर यिर्मया स्वतःच गोंधळला. शहर तर शत्रूच्या हाती जात आहे आणि तू मला शेत घे म्हणतोस, असे तो प्रार्थनेत बोलून गेला (३२:२५). देवाने त्याला रागे भरले नाही. त्याने आज्ञा आधी पाळली आणि शंका मागून मांडली, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि पुढे? एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची लांबलचक यादी आहे. ती वाचताना आपण पाने उलटतो. पण तेविसाव्या वचनावर थांबा: अनाथोथचे लोक, एकशे अठ्ठावीस. मडक्यातला कागद खरा ठरला.

आपल्या मंडळीच्या इतिहासातही अशी शेते आहेत. १८३७ साली अमेरिकेत पश्चिमेकडील जमिनींच्या सट्ट्यानंतर बँका बुडाल्या, दाने आटली, आणि अमेरिकन बोर्डाला आपल्या मिशनांचा खर्च तोडावा लागला. त्याच १८३७ साली सुरतेत मोठी आग लागून नऊ हजारांवर घरे जळाली. दोन्हीकडे, आता संपले, असे म्हणणारे असतीलच. परंतु त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४२ साली, त्या वेळच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. सुरतेत तर लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायवी १८१५ साली आले तेव्हा शहराचे वैभव मुंबईने ओढून नेले होते. त्या उतरत्या गावात बसून त्यांनी गुजराती पवित्र शास्त्राचे काम केले. १९९४ च्या प्लेगात लाखो लोक सुरत सोडून पळाले, २००६ च्या पुरात अर्ध्याहून अधिक शहर तापीच्या पाण्याखाली गेले. सुरत बुडाली, असे आपण पुष्कळदा ऐकले आहे, आणि तरी आज ह्या गावात आपण उपासना करतो.

तर मग आपले अनाथोथ कोणते?

ज्या घरातला कमावता माणूस कामावरून बसला आहे, त्याच्याकडे आपण होऊन जावे. तो येणार नाही. त्याला लाज वाटते. २०२४ साली डायमंड वर्कर युनियनला जीव देण्याच्या विचारात असलेल्या कारागिरांसाठी फोनची सोय करावी लागली, ह्यावरून दुःख किती खोल आहे ते समजावे. त्याच्या शेजारी बसावे, जेवणाचा डबा न्यावा, आणि तो सर्व बोलून मोकळा होईपर्यंत उपदेश करू नये. त्याचा जीव धोक्यात आहे असे वाटले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे व डॉक्टरांकडे न्यावे.

मंडळीच्या गरीबनिधीत ह्याच वर्षी हात आखडू नये. निधीतून द्यावे ते बिनव्याजी, आणि यिर्मयासारखे लेखी, साक्षीदारांसह द्यावे, म्हणजे घेणाऱ्याचा मान राहतो आणि पंचांवर संशय येत नाही. वर्षात दामदुप्पट देतो म्हणणाऱ्याच्या नादी कोणी लागू नये. भीतीच्या दिवसांत असे लोक अधिक फिरतात. आणि घर घ्यावयाचे असेल तर जरूर घ्या, पण बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला (लूक १४:२८) नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावा, आणि सहा महिने पगार न आल्यास हप्ता कोठून भरणार हे कागदावर लिहावे.

परदेशी असलेल्या मुलांना फोन करतो तेव्हा डॉलरचा भाव आधी विचारू नये. त्यांच्याही डोक्यावर हप्ते आहेत, नोकरी गेली तर देश सोडण्याची टांगती तलवार आहे. तुझी झोप नीट होते ना, एवढे विचारले तरी पुष्कळ.

संडेस्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गातले मूल दोन रविवार आले नाही तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका, घरी जाऊन या. फी भरली नाही म्हणून शाळा सुटली आहे काय, गावी जायची तयारी चालली आहे काय, ते पाहा आणि पाळकांना कळवा. हा धडा शिकविताना वर्गात एक मातीचे मडके आणा. वर्षभरात दुसऱ्यासाठी मी काय करीन, ते प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठ्या मडक्यात ठेवून तोंड बांधा आणि पुढल्या वर्षी त्याच रविवारी उघडा. आशा ही वस्तू जपून ठेवता येते, हे मुलांना हाताने कळू द्या.

शेवटी, प्रियजनहो, जवळचा नातलग होऊन हातची गेलेली जमीन सोडविणारा आपलाही एक आहे. आपण वेढ्यात होतो, आपली किंमत बाजारात काहीच नव्हती, तेव्हाच त्याने आपणांस विकत घेतले, आणि तेही रुप्या-सोन्याने नव्हे (१ पेत्र १:१८–१९). वधस्तंभावर त्याने दाम पूर्ण मोजला, आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या कबरेने त्या खतावर मोहोर उठविली. ज्याला अशा भावाने घेतले आहे त्याने बाजाराच्या बातम्या जरूर ऐकाव्यात, पण त्यांच्यापुढे गुडघे टेकू नयेत.

प्रार्थना : हे देवा, आमच्या बापा, तुझ्याच हाती आमचे दिवस आहेत. ज्यांचे काम गेले त्यांना भाकर आणि धीर दे. ज्यांच्याजवळ आहे त्यांचे हात उघड. खोटी भीती आणि खोटी शांती ह्या दोहोंपासून आम्हांस राख, आणि वेढ्याच्या दिवसांत शेत घेण्याचे धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.